हसणारी म्हातारी, मोफत

डिंडोली, सुरत
१२ जानेवारी २०२५

ललित,

'चिरंजीव' लिहायला घेतलं होतं, पण म्हटलं आधी भांडून घेऊ, आशीर्वाद शेवटी देईन. फोनवर तू 'हं, हं, बरं' एवढंच बोलतोस आणि लगेच तुझ्या स्टुडिओत गिऱ्हाईक येतं. अमरावतीत लग्नं बारा महिने लागतात की काय, कोण जाणे. म्हणून कागद घेतला. कागद वाचताना निदान तू 'ठेवतो गं' म्हणू शकत नाहीस.

मला एक सांग. तू मला वाटून टाकलंस का?

चेष्टा करत नाही. मला खरंच काही कळलेलं नाही, म्हणून विचारते.

झालं असं की शेजारच्या इंदुबाईने पापडाचा धंदा काढला आहे. अकोल्याकडची आहे ती, आमच्या शेजारी नवीन राहायला आली, तू तिला पाहिलेलं नाहीस. हात चांगला आहे तिचा. तिला पुड्यावर लावायला लेबल हवं होतं, म्हणून मागच्या रविवारी ती आपल्या उज्जूला चिकटून बसली. उज्जू म्हणाली, लेबलवर एखादा घरगुती चेहरा असला की माल खपतो. मग तिने ते फुकट फोटोंचं काहीतरी उघडलं आणि इंग्रजीत लिहिलं, 'हसणारी म्हातारी'.

आल्या ना म्हाताऱ्या! रांगेने आल्या. एक गोरी, पांढऱ्या केसांची. एक टोपीवाली, बहुतेक चीनकडची. आणि तिसरी पोपटी साडी नेसून, पिठाचे हात वर करून, तोंड वासून हसते आहे, आणि पुढचा पडका दात साऱ्या जगाला दाखवते आहे. इंदुबाईच पहिल्यांदा बोलली, "अवो बाई, ह्या त तुम्हीच हाव ना!"

मी म्हातारी? त्या फोटोत मला पुरी साठसुद्धा झाली नव्हती. पण ते राहू दे.

फोटोखाली तुझं नाव होतं, आबांच्या नावासकट. आणि त्याखाली एक ओळ. उज्जूने वाचून दाखवली: हा फोटो कुणीही, कशासाठीही वापरावा. विचारू नये, पैसे देऊ नयेत, नाव दिलं नाही तरी चालेल. किती जणांनी घेतला तो आकडाही होता. तो तुझ्या बहिणीने मला दोनदा वाचून दाखवला.

मग मी तिला धरून बसवलं आणि सगळं विचारलं. ती मार्केटमध्ये साड्यांची डिझाइनं करते, तेव्हा तिचं रोजचंच काम आहे हे. परदेशातल्या म्युझियमांनी जुनी चित्रं अशीच खुली ठेवली आहेत म्हणे. काढणारा मरून वर्षानुवर्षं झाली की त्याचा हक्क संपतो आणि चित्र सगळ्यांचं होतं. मागच्या दिवाळीला मी नेसले त्या साडीवरचा पोपट कुणा गोऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी काढलेला आहे. हे मला पटलं. मेलेल्या माणसाचा पोपट म्हणजे गावविहीर, ज्याला लागेल त्याने शेंदावं.

पण मी मेलेली नाही, आणि पोपटही नाही.

उज्जू म्हणाली, दुसरीही रीत आहे. जिवंत माणूस आपणहून हक्क सोडतो आणि वाटून टाकतो. तशा तू पाखरांच्या, नदीच्या, उसाच्या गाड्यांच्या फोटोंच्या राशीच्या राशी वाटल्या आहेस. चांगलं केलंस. पाखरं काही तक्रार घेऊन येणार नाहीत. पण माझं काय? फोटो तू काढलास म्हणून तुझा, हे मान्य. दात तर माझा होता ना?

हेच मी उज्जूला विचारलं, तर तिने बारीक अक्षरातलं काहीतरी शोधून काढलं. त्यात लिहिलं आहे की काढणाऱ्याने आपला हक्क सोडला आहे, पण फोटोतल्या माणसाची परवानगी ज्याची त्याने बघावी. बघितली का कुणी? डिंडोलीत येऊन कुणी दार वाजवलं नाही.

मग तिने फोटोवरूनच फोटो शोधला. तसंही करता येतं म्हणे. अरे, मी कुठे कुठे आहे तुला ठाऊक आहे का? गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीवर आहे. कानात घालायच्या यंत्राच्या दुकानात आहे. कुठल्या तरी भाषेतल्या लोणच्याच्या पुस्तकावर आहे, तिथे माझं नाव मारिया. आणि एका ठिकाणी मला कर्ज मिळाल्यामुळे मी हसते आहे! शेजारपाजारच्या बाया आता मला विचारतात, "सरलाबाई, गुडघा कसा आहे?" माझा गुडघा धडधाकट आहे.

तो फोटो काढून टाक. बाकी काही म्हणायचं नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.

तुझी आई


डिंडोली
२ फेब्रुवारी

ललित,

पत्राला उत्तर आलं, पण उज्जूच्या फोनवर. तिने मला वाचून दाखवलं: 'काढला तरी ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडे तो राहणारच. एकदा सोडलं की परत मागता येत नाही. आईला सॉरी सांग.'

आईला सॉरी सांग! मी काय परगावी राहते? बहिणीच्या तोंडून आईला सॉरी सांगतोस, मग आशीर्वादही तिच्याच तोंडून घे.

एकदा सोडलं की परत मागता येत नाही, हे वाक्य मी आठ दिवस चघळते आहे. बोललेल्या शब्दाचंही तसंच असतं, हे तुला सांगायला नको आणि मला शिकवायला नको.

आता एक गंमत ऐक. तुझं उत्तर आलं त्याच संध्याकाळी इंदुबाई ताटलीभर पापड घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुमचा फोटो लावू का लेबलाले? तुम्ही नाई म्हणसान त नाई लावत." एवढ्या लोकांनी मला नेलं, पण विचारायला आलेली ती पहिलीच बाई. मी लगेच हो म्हटलं. उज्जू हसून हसून लोळली. म्हणाली, "आई, तिने विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांना मोकळाच आहे तो!" असेल मोकळा. विचारलं की माणसाचं मन मोठं होतं, त्याला काय करायचं?

आता इंदुबाईच्या पापडावर मी हसते आहे आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. किराणावाल्याने पुडे पुढे मांडले आहेत. जाता येता मी हळूच बघते. पण तेलाच्या बाटलीवरची मी दिसली की तळपायाची आग मस्तकात जाते. फोटो तोच, दात तोच. मग मला राग नक्की कशाचा येतो, हे तू शिकलेला आहेस तर सांग. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

तुझा राग कशाचा ते मात्र मला कळतं. कळत नाही असं समजू नकोस.

आबा गेले तेव्हा घरात त्यांचा एक धड फोटो निघाला नाही. सगळ्या पेट्या उपसल्या. शेवटी तुझ्या मामेभावाच्या, भिकनच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढावं लागलं. अजून तोच भिंतीवर आहे. डोळे अर्धे मिटलेले, आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी चार बोटं. हार घालताना रोज ती बोटं दिसतात. ती कुणाची, ते आजवर कुणाला ओळखता आलेलं नाही.

तेव्हा दुखवट्याला दारावर आलेल्या बायांसमोर मी जे बोलले ते बोलले. साऱ्या दुनियेचे फोटो काढतो, कावळ्यांचे काढतो, म्हशींचे काढतो, आणि बापाचा एक नाही. यात खोटं काय होतं? एकही नव्हता. तू गंधमुक्तीच्या, सुतक फिटल्याच्या जेवणाची पानं उठायच्या आत बॅग उचललीस. दोन वर्षं होतील आता. लोक विचारतात, ललित येत नाही का? मी म्हणते, लग्नसराई आहे.

परवा उज्जूने विचारलं, "आई, या फोटोत तू एवढी कशाला हसत होतीस?" मी म्हटलं, आठवत नाही. भाकरी थापताना बाई कशाला हसेल? कढईतलं काही उडालं असेल.

तुझी आई


डिंडोली
२५ फेब्रुवारी

ललित,

मी मेले होते. काल परत आले. तुला आधीच कळलं असेल, पण माझ्याकडून ऐक.

काल सकाळी उज्जू कामाला गेली. मी साड्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन धागे कापत बसले होते. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायांनी गळा काढलेला ऐकू आला. "मनी बैन वं, कशी गयी वं तू..." आपल्याकडच्या बाया, आपल्याच बोलीत. म्हटलं, समोरच्या भाईदास आजोबांची म्हातारी गेली वाटतं, चार दिवस आजारीच होती. कात्री टाकली, पदर डोळ्याला लावला आणि जाऊन बायांमध्ये बसले. आपल्यात आधी रडतात, मग विचारतात, हे तुला माहीत आहे. उभ्याने 'कोण गेलं' म्हणून विचारलं तर मेलेल्या माणसाचा अपमान होतो.

चांगली रडले मी. आबांची आठवण काढून रडले. मग जरा दम घेतला आणि शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "कोण गेलं वं?" तिने पदर न काढताच सांगितलं, "सरलाबाई."

मी आणखी रडले. म्हटलं, असेल बिचारी कुणीतरी, डिंडोलीत सरलाबाया काय कमी आहेत? मग त्या बाईने नाक पुसायला पदर बाजूला केला, तर ती माझी भावजय! दोंडाईच्याची, लोटूमामाची बायको! तिने मला पाहिलं आणि जी किंकाळी मारली, ती पार लूमच्या खात्यापर्यंत, आबांच्या जुन्या कारखान्यापर्यंत गेली असेल. उठून पळायला गेली ती थेट भाजीवाल्याच्या गाडीवर. वांगी गटारात.

लोटूमामा पुढे आला. पायापासून डोक्यापर्यंत मला बघितलं आणि रागावून म्हणाला, "तू ते जित्ती शे!" जणू जिवंत राहून मीच त्याला फसवलं होतं. "आम्ही रातभर रडत रडत उनूत आनि तू आठे बशीसन रडी ऱ्हायनी?" मी म्हटलं, दादा, इथे बसून रडत होते खरी, पण मला वाटलं दुसरी कुणी गेली. तो म्हणाला, "दुसरी कोन? तूच!"

खुलासा व्हायला वेळ लागला. दोंडाईच्याचा कुणी माणूस सुरतेला आला होता. त्याने चौकात बॅनर बघितला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधोमध माझा हसरा चेहरा, दोन्ही बाजूंना समया. नावाची ओळ विजेच्या खांबाआड गेलेली. त्याने फोटो काढून मामाला पाठवला, आणि मामाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. झालं. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. फोन मात्र कुणी केला नाही. मेलेल्याच्या घरी फोन करून 'मेली का हो' असं विचारणार कसं? आपल्यात कुणी विचारत नाही, निघतात. मिळेल त्या गाडीने निघाले.

मग एक पेच पडला. ही मंडळी दारावर आलेली. दारावर आलेल्याला 'या' म्हणत नाहीत, आणि तो जाताना 'येतो' म्हणत नाही. पण जिच्या दारावर आली तीच चहा ठेवते आहे! भावजय म्हणाली, तुझ्या हातचं पाणी आम्हाला चालेल का? मला काय माहीत? मला तरी कुठे सवय आहे मरायची? शेवटी इंदुबाईने तिच्या घरून चहा आणला. सोबत पापडही आणले, लेबलाच्या पुड्यासकट. भावजय तो पुडा बघून पुन्हा रडायला लागली.

उज्जू धावत आली, आणि मग आमची सगळी वरात चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानात गेली. दुकान गोपाल नावाच्या पोराचं आहे. जन्मला आपल्याच माणसांत, पण बोलतो अर्धं गुजराती. तो बॅनरकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "मासी, ए तो सॅम्पल छे! नेटवरून घेतलाय, फ्रीवाला. खाली नाव कुठे आहे? 'आपले नाव येथे' लिहिलंय." मी विचारलं, मलाच का निवडलंस रे? म्हणाला, "हसता चेहरा पाहिजे ना मासी. हसता चेहरा बघून घरच्यांना बरं वाटतं. मला काय माहीत तुम्ही इथल्याच निघाल?"

बरोबर आहे त्याचं. त्याने चोरी केली नाही. उज्जूनेही तेच सांगितलं. जगाला दिलेलं त्याने घेतलं. तू वाईट हेतूने दिलं नाहीस, त्याने वाईट हेतूने घेतलं नाही, आणि मी मेले. यात चूक कुणाची, हे मला एकदा कुणीतरी नीट समजावून सांगा.

गोपालने बॅनर उतरवला आणि घडी करता करता विचारलं, "मासी, वाढदिवसाच्या सॅम्पलला लावू का मग?" मी म्हटलं, थांब, विचार करून सांगते.

मामाने ताबडतोब गावी फोन लावून संध्याकाळच्या गाडीने निघणारी दुसरी तुकडी थांबवली. जाताना 'येतो' मात्र म्हणाला नाही. सवयीने नुसतीच मान हलवली. मला ते जरा लागलं.

तुझी आई (जिवंत)


डिंडोली
२७ फेब्रुवारी

ललित,

परवाच्या पत्रात मी सगळं हसत लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही.

ग्रुपमध्ये तू पण आहेस. ज्याने पाठवलं त्याच्या फोनवर कुणी वाचलं ते दिसतं, असं उज्जू म्हणाली. लोटूमामाच्या फोनवर तिने बघितलं. तुझं नाव होतं त्यात. मामाने टाकल्या टाकल्या तू वाचलं होतंस.

तू हात जोडले नाहीस. फूल टाकलं नाहीस. बहिणीला फोन केला नाहीस. आणि आला नाहीस.

मी माझी समजूत घालते. म्हणते, त्याने स्वतः काढलेला फोटो आहे, त्याला कळलंच असेल की कुणीतरी फुकटातला उचलून लावला आहे. म्हणून तो घाबरला नाही. हे खरं असलं तर चांगलंच आहे. पण मग एक फोन करून बहिणीला 'आई बरी आहे ना' एवढं विचारायला तुझं काय गेलं असतं? आणि हे खरं नसलं, तू खरंच समजलास की आई गेली, आणि तरी हलला नाहीस, तर मग मी काय समजू?

दोन्हीकडून विचार करून झाला. एकीकडून विचार केला की तू शहाणा ठरतोस, दुसरीकडून केला की मी निपुत्रिक.

फोन लावला तर उचलत नाहीस. 'कामात आहे' असं उज्जूला लिहितोस. ज्या बाईच्या मौतीला दोंडाईच्यापासून माणसं रडत आली, तिच्या मुलाला काम आहे.

मला आता फोटोचं काही वाटत नाही. राहू दे तेलावर.

आई


डिंडोली
२३ मार्च

चि. ललित यास,

बघ, चिरंजीव लिहिलं. का लिहिलं ते सांगते.

काल भिकन आला होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, साड्या घ्यायला सुरतेला आला. उज्जूने दिवसभर त्याला मार्केटमध्ये फिरवलं. संध्याकाळी जेवायला बसला आणि दोन घास खाऊन थांबला. म्हणाला, "आत्या, माले ललितनी शपथ घातेल शे. पन तू अशी बारीक व्हयी गयी, आते माले ऱ्हावाये ना."

आणि मग त्याने सगळं सांगितलं.

तू ग्रुपवर वाचलंस त्याच रात्री निघाला होतास. मिळेल त्या गाडीत चढलास. भिकनने तुला फोन करून सांगितलं, नंदुरबारला उतर, संध्याकाळच्या गाडीने आपण सगळे मिळून जाऊ. तू सकाळी उतरलास. चहासुद्धा घेतला नाहीस. भिकनने शहाणपणा केला. म्हणाला, एकुलता एक मुलगा आहेस, अग्नी तर चुकला, निदान केस तरी उतरवून जा, नाहीतर लोक पुन्हा बोलतील. 'पुन्हा' म्हणाला तो. ते मी तेव्हा बायांत बोलले त्यासाठी होतं, मला कळलं.

तू स्टेशनबाहेरच्या न्हाव्यापुढे जाऊन बसलास. आणि अर्धं डोकं झालं असताना मामाचा फोन आला की ती जित्ती शे.

भिकन सांगत होता आणि मला समोर दिसत होतं. न्हाव्याचा वस्तरा वर, तुझं एका बाजूचं रान साफ आणि दुसऱ्या बाजूचं उभं. भिकन म्हणाला, ललित आधी हसला, मग रडला, मग न्हाव्यानेच विचारलं, पुढे काय करू? अर्ध्यावर सोडता तर येईना. म्हणून पुरं केलं. मग तू बाकावर बसून राहिलास. भिकन म्हणाला, चल, आता तर आनंदाने जाऊ. तू म्हणालास, "या डोक्याने आईसमोर कसा जाऊ? जिवंत आईसमोर बोडका?" आणि उलट्या गाडीत बसलास.

मी मेले असं कळल्यावर तू निघालास, आणि जिवंत आहे असं कळल्यावर परत गेलास. हे कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, या घरातले सगळेच अर्धवट. मी भिकनसमोर इतकी हसले की त्याला वाटलं मला काही झालं. नंतर मोरीत जाऊन रडले, ते त्याला दिसलं नाही.

आता माझं ऐक. त्या फोटोत मी कशाला हसत होते हे मला आठवत नाही असं मी लिहिलं होतं. आठवतं. तू दारात कॅमेरा घेऊन उभा होतास. तुझ्या मागे आबा होते. रात्रपाळी करून आले होते, डोळे तांबारलेले, अंगाला सुताचे कण. साड्यांच्या खोक्याचं एक झाकण त्यांनी डोक्यावर टोपीसारखं घातलं आणि तुझ्या पाठीमागून मला सलाम ठोकला. खात्यातल्या सेठची नक्कल. तुला काही दिसलं नाही, तू मलाच बघत होतास. म्हणालास, "आई, अशीच हस."

तो फोटो उज्जूने मला मोठा करून आणला आहे. उतरवून घेतला, जगासारखाच, कुणी विचारलं नाही की तू त्या मुलाची कोण. मी रोज बघते. माझे डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत रे. जरा वर आहेत, तुझ्या खांद्यावरून. जगात कुणालाही माहीत नाही मी कुणाकडे बघते आहे. तेलवाल्याला नाही, गोपालला नाही, त्या मारियालाही नाही. आबांचा एक फोटो काढला नाहीस, असं मी चार बायांत म्हटलं होतं. काढला होतास. माझ्या तोंडावर आहेत ते.

जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावू नये, असं इंदुबाई म्हणते. मी लावला आहे. आबांच्या समोरच्या भिंतीवर. ते अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघतात, आणि मी त्यांच्याकडे बघून हसते. ती चार बोटं मधल्या मध्ये बघत असतात.

तो फोटो काढू नकोस तिथून. राहू दे जगाकडे. गोपाललाही सांगितलं, लाव वाढदिवसाला. उज्जू तर आता मी शिवलेल्या गोधडीची नक्षी त्याच फुकट फोटोंच्या ठिकाणी ठेवायची म्हणते, सगळ्यांसाठी. एवढे दिवस गोऱ्यांचे पोपट नेले, एकदा आपणही काही द्यावं. मला विचारलं तिने. मी हो म्हटलं.

आता राहिलास तू. भिकन म्हणाला, तू केस वाढायची वाट बघतो आहेस. कशाला? भाऊ आला, भावजय आली, माझ्या दारावर सगळी येऊन रडून गेली. तूच तेवढा राहिलास. उधन्याला उतर, उज्जू घ्यायला येईल. तुला लाज वाटत असेल तर टोपी घालून ये. आणि टोपी नसली तरी ये. खोक्याची झाकणं घरात पुष्कळ आहेत.

तुझी आई